काढलं असेल तर तसं लिहून द्या

नोकरी गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात भरभरून मिळतो तो सल्ला. रेझ्युमे एका पानात बसव. लिंक्डइनवर रोज काहीतरी टाकत राहा. नोकरीच्या ॲपवर सकाळी उठल्या उठल्या प्रोफाइल अपडेट कर, म्हणजे रिक्रूटरच्या यादीत वर दिसशील. एआयचा एखादा कोर्स करून घे. ओळखीच्यांकडे रेफरल माग, लाजू नकोस. यातला एकही सल्ला वाईट नाही आणि देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण हे सगळे सल्ले एकच गोष्ट गृहीत धरतात: नोकरी मिळत नसेल तर कमी कुठे आहे ते त्या माणसातच शोधायचं. मला हे पटत नाही. बाजार मंदावलेला असताना नवी नोकरी किती महिन्यांत आणि किती पगारावर मिळणार, याचा मोठा हिस्सा शोध सुरू होण्याआधीच ठरून गेलेला असतो. तो ठरतो जुन्या कंपनीतल्या एका छोट्या मीटिंग रूममध्ये, पंधरा-वीस मिनिटांत.

पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना ही मीटिंग समजावून सांगावी लागत नाही. आदल्या संध्याकाळी कॅलेंडरवर एचआरचं निमंत्रण येतं, विषय काहीतरी मोघम. खोलीत मॅनेजर असतो, पण तो फारसा बोलत नाही. एचआरची व्यक्ती मवाळ आवाजात सांगते की प्रोजेक्ट संपलाय, तुमच्या बँडला (पदश्रेणीला) सध्या जागा नाही, कंपनीला कठीण निर्णय घ्यावा लागतोय. मग दोन वाटा पुढे ठेवल्या जातात. तुम्ही स्वतः पेपर टाका, म्हणजे राजीनामा द्या. दोन महिन्यांचा पगार, रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, सगळं स्वच्छ मिळेल. नाही टाकलेत तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काय येईल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. विचार करायला वेळ किती, तर आज संध्याकाळपर्यंत. पोर्टलवर राजीनाम्याचा फॉर्म उघडायचा. तिथे कारणांची यादी असते: उच्च शिक्षण, अधिक चांगली संधी, स्थलांतर, प्रकृती, वैयक्तिक. ‘कंपनीने जायला सांगितलं’ हे कारण त्या यादीत नसतं. माणूस ‘वैयक्तिक’ निवडतो आणि सबमिट दाबतो.

पुढच्या नोकरीची भीती दाखवून हातची नोकरी सोडायला लावायची, असा हा सगळा व्यवहार आहे. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी राजीनामाच सुरक्षित वाटतो, कारण डोक्यावर घराचा हप्ता असतो आणि ‘टर्मिनेट’ हा शिक्का आयुष्यभर पुरेल असं त्याला सांगितलेलं असतं. मला जे म्हणायचं आहे ते इतकंच: कंपनीला माणूस कमी करायचा असेल तर तिने तो कमी करावा, पण आपल्या सहीने करावा. त्याच्या सहीने नव्हे.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळाच्या २ टक्के, म्हणजे साधारण १२ हजार लोक कमी करणार असल्याचं सांगितलं तेव्हा देशभर चर्चा झाली. त्यातले बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले असतील, हेही कंपनीने सांगितलं. कारण म्हणून प्रमुखांनी एआयकडे बोट दाखवलं नाही. माणसाचं कौशल्य आणि हाती असलेलं काम यांचा मेळ बसत नाही, असं ते म्हणाले. त्याआधी महिनाभर याच कंपनीचा नवा नियम आला होता की वर्षात किमान २२५ दिवस क्लायंटला बिल लावता येईल असं काम हवं आणि बेंचवरचे, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसलेले, दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. निर्णय बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण आकडा जाहीर झाला म्हणून प्रश्न विचारता आले, कामगार विभागाकडे तक्रारी गेल्या, वर्तमानपत्रांनी लिहिलं. जिथे दहा-वीसच्या तुकड्यांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामे येतात, तिथे बाहेरच्या कुणाला विचारण्यासारखं काही उरतच नाही. ती माणसं स्वखुशीने सोडून गेलेल्यांच्या टक्केवारीत मिसळून जातात. किती जणांना काढलं हे सरकारला कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी काही करावं असंही सरकारला वाटत नाही.

या एका सहीने माणूस कशाकशावर पाणी सोडतो ते नीट पाहिलं पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीचे नियम होते. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यायची. शेवटी आलेल्याला आधी कमी करायचं. पुन्हा भरती करायची वेळ आली तर काढलेल्याला आधी विचारायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखान्यांत कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांपासून लागायची, ती संहितेने ३०० वर नेली, आणि कामगार संघटनांचा यावरचा राग मला रास्त वाटतो. पण नोटीस आणि भरपाई यांचा गाभा तिने ठेवला आहे. शिवाय एक नवी गोष्ट आणली आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. नोकरी शोधणाऱ्याला कोर्स करायचा सल्ला सगळेच देतात. त्याच्या फीची थोडीफार सोय कायद्याने प्रथमच केली आहे. राजीनामा दिलेल्याला मात्र यातलं काहीच लागू नाही, कारण त्याची कपात झालेलीच नाही.

नोकरीची १५ वर्षं झालेल्या माणसाचा ढोबळ हिशेब मांडला तर भरपाई साडेसात महिन्यांच्या पगाराएवढी भरते. मीटिंग रूममध्ये त्याच्यापुढे दोन महिने ठेवले जातात, आणि तेही उपकार केल्यासारखे.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की आमच्याकडे कामगार नाहीतच; असोसिएट आहेत, लीड आहेत, असिस्टंट मॅनेजर आहेत. पण व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय यावर कायदा ठरत नाही, हातून काम कोणतं होतं यावर ठरतो. व्यवस्थापकीय काम करणारे वगळलेले आहेत, आणि देखरेखीचं काम करणारे १८ हजारांच्या वर पगार असेल तर वगळलेले आहेत. जो दिवसभर कोड लिहितो, टेस्टिंग करतो, सर्व्हर सांभाळतो, तो तांत्रिक काम करतो. पगार मोठा आहे एवढ्यावरून तो कायद्याबाहेर जात नाही. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये एका आयटी कर्मचाऱ्याला कामगार मानून, मागच्या पगारासह कामावर घ्यायचा आदेश दिला. त्या माणसाची नोकरी गेली होती २०१५ मध्ये. सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याची ताकद किती जणांकडे असते? आणि ज्याने राजीनामा दिलाय, त्याला तर आधी हे सिद्ध करावं लागतं की तो दबावाखाली घेतला होता. बंद खोलीत, मवाळ आवाजात टाकलेल्या दबावाचा पुरावा कुठून आणायचा?

कायद्याच्या बाहेरही ही सही नडते. गृहकर्जासोबत ‘जॉब लॉस’ विमा विकला जातो. त्यात साधारणपणे तीनेक हप्ते भरून मिळतात, पण नोकरी स्वतः सोडली असेल तर काहीच मिळत नाही. वर्षानुवर्षं त्याचा प्रीमियम भरलेल्या माणसाला हे दाव्याच्या वेळी कळतं. कामगार कपातीच्या भरपाईवर प्राप्तिकरात ५ लाखांपर्यंत जी सूट आहे, तीही राजीनाम्यापोटी मिळालेल्या रकमेला लागत नाही.

आता नोकरीच्या शोधाकडे येतो. आमचे एक स्नेही आहेत, चव्वेचाळीस वर्षांचे, टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेले, वाकडला राहणारे. त्यांनी शोधासाठी एक वही केली आहे. पहिल्या रकान्यात कंपनी, दुसऱ्यात रिक्रूटरचं नाव, मग तारीख. शेवटचा रकाना आहे ‘काय सांगितलं’. त्यात कुठे ‘आईचं आजारपण’ लिहिलंय, कुठे ‘ब्रेक घेतला’, कुठे ‘स्वतःचं काहीतरी करून पाहत होतो’. कुणाला कोणतं कारण दिलं ते दुसऱ्या फेरीपर्यंत लक्षात राहावं म्हणून हा रकाना. हा माणूस सोसायटीचे हिशेब पै-पैशापर्यंत चोख ठेवणारा. कागदावर राजीनामा आहे म्हणून त्यांना काढलं असं सांगता येत नाही, आणि राजीनाम्याचं खरं कारण अस्तित्वातच नाही म्हणून रोज एक नवं कारण उभं करावं लागतं.

त्यांचा एक फोन मी शेजारी बसून ऐकला. पलीकडची रिक्रूटर मुलगी पंचविशीची असावी, घाईत होती, पण आदराने बोलत होती. “सर, नोटिस पिरियड किती आहे?” “इमिजिएट जॉइन होऊ शकतो.” मग थोडी शांतता. “म्हणजे सर, सध्या तुम्ही कुठे नाही आहात?” “नाही. ऑगस्टमध्ये सोडली.” “ऑफर हातात नसताना सोडली?” ज्या बाजारात जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ‘इमिजिएट जॉइनर्स ओन्ली’ असं लिहिलेलं असतं, कारण कामावर असलेल्यांची नव्वद दिवसांची नोटीस सगळ्यांच्या गळ्याशी आलेली आहे, त्याच बाजारात उद्या सकाळी हजर होऊ शकणारा माणूस संशयित ठरतो. त्या मुलीचा दोष नाही. अशा दिवसांत दुसरी ऑफर नसताना कुणी शहाणा माणूस राजीनामा देत नाही, हे तिलाही माहीत आहे. म्हणजे एकतर हा माणूस काहीतरी लपवतोय, नाहीतर विचित्र आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी यादीतलं पुढचं नाव घेणं तिला सोपं. ‘आमच्या क्लायंटने काम काढून घेतलं, अख्खी टीम गेली, त्यात मी होतो, हे कंपनीचं पत्र’ असं सांगता आलं असतं तर त्यात संशयाला जागाच नव्हती. ज्या डागाच्या भीतीने राजीनामा घेतला गेला, तो डाग राजीनाम्यानेच लावला.

पगाराचा भाग तर आणखी खोलवर दुखावणारा आहे. आपल्याकडे पहिल्याच फोनवर शेवटचा सीटीसी, म्हणजे वर्षाचा एकूण पगार, विचारतात आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात. नवा पगार माणसाच्या कामावर ठरत नाही, जुन्या स्लिपवर ठरतो. नोकरी हातात असलेला त्यावर वाढ मागतो. नोकरी गेलेल्याला ‘पहिल्यापेक्षा तीस टक्के कमी चालेल का’ असं विचारतात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात तो हो म्हणतो. पुढे बाजार सुधारला तरी त्याची मोजणी त्या कमी आकड्यापासूनच सुरू होते. एका वाईट वर्षाचा भुर्दंड पुढची पंधरा वर्षं भरत राहायचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच मनाई केली आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशातही तशीच मनाई आहे. आपल्याकडे मागणीसुद्धा नाही.

घाई हे या सगळ्याचं मूळ आहे. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातोच. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि त्यात सत्तरीचे आईवडील असतात. (त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. हे एचआर सहसा सांगत नाही. शेवटचा दिवस उलटण्याआधी विचारून ठेवावं.) अशा घाईत माणूस मिळेल ते घेतो. नोकरी आणि माणूस यांची सांगड चुकते, आठ-दहा महिन्यांत तो पुन्हा बाहेर पडतो आणि रेझ्युमेवर आणखी एक ओरखडा उमटतो. तरुण मुलं तर ‘अनुभव दाखवून देतो’ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सींच्या हाती पैसे देऊन बसतात. चार-सहा महिने घर चालेल एवढी सोय असेल तर माणूस थांबून, पारखून, आपल्या कामाची नोकरी शोधू शकतो. त्याचा फायदा त्याला नोकरी देणाऱ्यालाही होतो.

मग ही सोय त्याने स्वतः करून ठेवायला नको होती का? लाखात पगार घेणाऱ्यांचं कसलं दुःख, असं शेतकरी आणि रोजंदारीवर काम करणारी माणसं म्हणतात, तेव्हा मी गप्प बसतो. त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. पण हाच मुद्दा एअरकंडिशन्ड केबिनमधून येतो तेव्हा उत्तर द्यायला हवं. आयटीतला लाखात पगार घेणारा दिसतो, कारण तो फ्लॅट घेतो आणि गाडी घेतो. त्याच इमारतीत सपोर्टच्या रात्रपाळीला पंचवीस हजारांवर काम करणारा, कंत्राटदाराच्या पगारपत्रकावरचा मुलगा दिसत नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयसीची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेरोजगार झालेल्याला सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस देते. पण ईएसआयसीची पगारमर्यादा आहे २१ हजार, आणि ती २०१७ पासून तिथेच आहे. पंचवीस हजारवाल्याला ना ईएसआयसी, ना बचत. नोकरी गेली की तो पीएफ काढतो, म्हणजे म्हातारपणाची पुंजी आज खातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मी तो हलक्यात घेत नाही. माणूस काढणं अवघड केलं की कंपन्या माणूस घ्यायलाच घाबरतात. यात तथ्य आहे. आपल्या कारखानदारीत कंत्राटी कामगारांचं प्रमाण असं फुगलं त्यामागे हेही एक कारण आहे. पण मी काढणं अवघड करा असं म्हणतच नाही. काढणं उघड करा, एवढंच म्हणतोय. नोकरीवरून काढण्याच्या बाबतीत अमेरिकेइतकी मोकळीक फार थोड्या देशांत असेल. तिथेही १९८८ च्या कायद्याप्रमाणे १०० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बहुतेक राज्यांत २६ आठवड्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळतो. त्यासाठी कंपन्यांकडून कर घेतला जातो, आणि जी कंपनी वारंवार माणसं काढते तिचा कर वाढतो. याने तिथला उद्योग बुडालेला नाही. (आपली तिथली मुलं मात्र वेगळ्याच घड्याळाशी बांधलेली असतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत नवी शोधायची, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोरांसकट देश सोडायचा. न्यू जर्सीतल्या आणि डॅलसमधल्या कित्येक मराठी घरांनी २०२२-२३ च्या कपातींत ते दिवस मोजले आहेत.) भत्ता मिळाला की माणसं आळशी होतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नोकरी गेलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या घरी संध्याकाळी जाऊन बसावं. निम्म्या पगारावर सहा महिने आरामात काढावेत असं त्या घरात कुणालाही वाटत नसतं.

महाराष्ट्राला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या लाखो माणसांचं काम गेलं. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा मागितला गेला. कुणी तिकीट नंबर शोधला, कुणी लाल पास, कुणी ईएसआयसीचं कार्ड, कुणी पीएफची चिठ्ठी. ट्रंकेच्या तळाशी एक कळकट कागद जपून ठेवणाऱ्या विधवेचं नाव यादीत आलं, आणि ज्याच्याकडे कागद नव्हता त्याला घाम गाळलेली वर्षं सिद्ध करता आली नाहीत. आमच्या पिढीला कागद पीडीएफमध्ये मिळतो आणि तो आपल्याविरुद्धच बोलतो.

गिरण्यांच्या बाबतीत सरकार उशिरा जागं झालं. पण याच राज्याने त्याच्या दहा वर्षं आधी देशाला दिशा दाखवणारं काम केलं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६० च्या दशकात तासगावला केलेल्या प्रयोगातून आणि १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे आपण लेखी मान्य केलं. केंद्राचा २००५ चा कायदा त्याच वाटेने आला. आणि या हमीसाठी पैसा कुठून उभा केला? १९७५ च्या व्यवसाय करातून. आजही बहुतेक पगारदारांच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे २,५००. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराची जबाबदारी उचलावी, ही फार मोठ्या मनाची कल्पना होती आणि ती टिकली पाहिजे. त्यातला एक रुपयाही इकडे वळवा असं मी म्हणणार नाही. पण वीस वर्षं हा कर भरलेल्या माणसाची स्वतःची नोकरी जाते तेव्हा त्याच्यासाठी राज्याकडे एका पोर्टलवरच्या नोंदणीपलीकडे काही नाही. ज्या राज्याने खडी फोडणाऱ्या हातांना हमी दिली, त्याने कीबोर्डवरच्या आणि मशीनवरच्या हातांसाठी वेगळा विमा उभारायला काय हरकत आहे? पगाराच्या अर्धा-एक टक्का मालकाकडून आणि थोडा कर्मचाऱ्याकडून घ्यावा. नोकरी गेल्यावर सहा महिने निम्मा पगार द्यावा, त्याला एक वरची मर्यादा असावी. जास्त माणसं काढणाऱ्या कंपनीचा हप्ता जास्त असावा. चाकणच्या कारखान्यातल्या ट्रेनीपासून हिंजवडीतल्या आर्किटेक्टपर्यंत सगळे त्यात असावेत.

पण हा विमा चालणार कशावर? कुणाची नोकरी गेली आणि कुणी सोडली हे कळलं तरच. राजीनाम्यांच्या आड कपात चालू राहिली तर असा विमा पहिल्याच दिवशी कोसळेल. म्हणून विम्याच्याही आधी कागद दुरुस्त व्हायला हवा, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही. आयटी कंपन्या राज्य सरकारच्या कामगार विभागाच्या अखत्यारीत येतात. संहितांखालचे राज्याचे नियमही राज्यालाच करायचे आहेत. त्यात तीन गोष्टी घालाव्यात. कंपनीच्या सांगण्यावरून होणारी प्रत्येक फारकत, मग ती ‘सेपरेशन’ असो की ‘म्युच्युअल एक्झिट’, कपात म्हणूनच नोंदवली जावी आणि तिचा तिमाही आकडा कामगार आयुक्तांकडे जावा. राजीनाम्याच्या फॉर्मवर ‘कंपनीने जायला सांगितलं’ हा पर्याय सक्तीने असावा, आणि तो निवडला म्हणून रिलिव्हिंग लेटर अडवणाऱ्या कंपनीला दंड व्हावा. तिसरी गोष्ट म्हणजे १५ दिवसांची मुदत. साधी आयुर्विम्याची पॉलिसी घेतली तर ती वाचून, नको वाटल्यास परत करायला ३० दिवस मिळतात. वीस वर्षांच्या नोकरीचा राजीनामा मात्र संध्याकाळच्या आत द्यायचा आणि मागे घ्यायचा नाही. दिलेला राजीनामा १५ दिवसांत विनाअट मागे घेता आला पाहिजे. तेवढ्या दिवसांत माणूस घरी बोलेल, एखाद्या वकिलाला किंवा संघटनेला कागद दाखवेल, विमा कंपनीला फोन करेल, आणि मग ठरवेल की दोन महिन्यांच्या पगारावर सही करायची, की कायद्याने जे देणं लागतं ते मागायचं.